व्याह्यांची अंघोळ

जज्जसाहेबांचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि भगवंतरावांनी त्याला अजून उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र अगदी साधं होतं. नागपूरचे एक निवृत्त जज्जसाहेब मे महिनाभर बिऱ्हाडासह चिखलदऱ्याला येऊ म्हणत होते. भगवंतरावांच्या 'शीतल निवास'मधल्या सगळ्या खोल्या त्यांना हव्या होत्या. फक्त एक गोष्ट त्यांनी विचारली होती. रोज सकाळी टबात बसून अंघोळ करता येईल इतकं पाणी मिळेल का? होय की नाही, तेवढं उलट टपाली कळवावं.

अंजनगाव सुर्जीच्या शाळेत भगवंतरावांनी उभा जन्म पोरांना दरडावण्यात घालवला होता की, "होय की नाही, एवढंच सांग!" आता तोच प्रश्न त्यांच्यावर उलटला होता. पेन्शन घेतल्यावर त्यांनी विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाचा टिनपत्र्याचा बंगला घेतला आणि त्याचं हॉटेल केलं. बंगल्याबरोबर चार लोखंडी पंजांवर उभा असलेला पांढरा टबही आला होता. त्यात अजून कोणी बसलं नव्हतं. त्यांच्या पत्नी पार्बताबाई त्यात कुरडया ठेवत.

"आवो, लिवून टाका ना 'होय' म्हून," पार्बताबाई म्हणाल्या. "दोन अक्षरं लिवाले इतके दिवस?"

"पन पानी पुरलं नाई तर?"

"मंग 'नाई' लिवा."

"अन् पुरलं तर?"

पार्बताबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

विलायतेच्या बादशहाच्या ज्युबिलीचं ते साल. अमरावतीला, अकोल्याला उन्हाने डांबर वितळत होतं, म्हणून ज्याला परवडेल तो चिखलदऱ्याचा घाट चढत होता. वर हवा थंडगार होती, पण पाणी मात्र घाट चढून येत नव्हतं. तलाव आटत चालला होता. त्याच्यावर पहारा बसला होता आणि प्रत्येक बंगल्याला सकाळी दोनच पखाली मिळत. सहदेव पखालवाला आपल्या हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर त्या कातडी पखाली लादून आणी आणि मागच्या दगडी हौदात रिकाम्या करी. त्यानंतर भगवंतराव हौदात वेळूची काठी बुडवत. काठीचा भिजलेला भाग कोरड्या भागापेक्षा मोठा निघाला तर 'होय' लिहायचं आणि लहान निघाला तर 'नाही', असं त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशी काठी बरोबर निम्मी भिजली.

"उद्या पाहू," भगवंतराव स्वतःशीच म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने व्याही आले.

भगवंतरावांची एकुलती एक लेक जमुना बाळापूरकडच्या एका खेड्यात दिली होती. घर पाटलाचं, जमीन काळीभोर, जावई गुणाचा, नाव ठेवायला कुठेच जागा नव्हती. फक्त गाव खारपाणपट्ट्यातलं होतं. तिथे कुठेही विहीर खोदा, लागणार खारंच पाणी. त्या पाण्यात तुरीची डाळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिजते आणि शेवटी ताटात टणटण वाजते. साबण झिजतो, पण फेस येत नाही. लग्न ठरलं तेव्हा अंजनगावातले लोक स्थळाची तोंड भरून तारीफ करत आणि शेवटी हळूच विचारत, "अन् पानी?"

"राम राम, इवाई!" जमुनेचे सासरे खुशालराव पाटील मोटारीतून उतरले. मागून विहीणबाई मनकर्णाबाई उतरल्या आणि टपावरून दहा-बारा पत्र्याचे डबे उतरले. त्यांत तुरीची डाळ होती, मुगवड्या होत्या, शेवयांसारखे सरगुंडे होते, लोणकढं तूप होतं.

"इतकं कायले आणलं?" पार्बताबाई म्हणाल्या.

"असू द्या, इहिनबाई. डबे मात्र रिकामे करून, घासून आमच्या खोलीत ठेवजा. परत न्या लागतेत."

"अन् जमुनेले कावून नाई आणलं?"

"तिच्यामांगं कामं हायेत ना," असं म्हणून मनकर्णाबाई घाईघाईने समोरचा डोंगर पाहू लागल्या.

आल्या आल्या मनकर्णाबाईंनी हात धुवायला साबण घेतला. हातावर पांढराशुभ्र फेस चढला, तशी त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "आवो, इकडं या, पाहा!" खुशालरावांनी पाहिलं आणि मग त्यांनीही हात धुतले. आधी धुतले होते तरी मनकर्णाबाईंनी पुन्हा धुतले. दोघं उत्सवातल्या पोरांसारखी हसत होती. भगवंतरावही हसले, पण त्यांचं लक्ष मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे होतं.

खरी अडचण सकाळी उभी राहिली. पार्बताबाईंनी माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ उतरवलं. त्यात लहान मूल पोहू शकलं असतं.

"अर्धं भरलं तर चालन का?" भगवंतरावांनी हळूच विचारलं.

"अर्धं?" पार्बताबाईंचा आवाज इतका चढला की भगवंतरावांनी आधी दार लोटून घेतलं. "लेकीच्या सासऱ्यापुढं अर्धं घंगाळ? उद्या तिथं माह्या पोरीले ऐकावं लागन, 'तुह्या बापानं आमाले अर्ध्या पान्यात भागवलं.' जलमभर पुरन ते!"

घंगाळ काठोकाठ भरलं. व्याह्यांपाठोपाठ विहीणबाईंसाठी ते पुन्हा भरलं. खुशालराव न्हाणीघरात पुष्कळ वेळ होते. आतून "हर हर गंगे"चा गजर चालू होता. बाहेर आले तेव्हा ते हिन्याच्या अत्तराने घमघमत होते आणि पंचा घडी न मोडता खांद्यावर होता.

"काय पानी हाये, इवाई!" ते म्हणाले. "आंग हलकं झालं!"

भगवंतरावांनी हौदात काठी घातली. कोरडा भाग वाढला होता.

हॉटेलात तेव्हा पैसे देणारा पाहुणा एकच होता. ते अमरावतीचे कापसाचे दलाल महादेवराव. डॉक्टरने हवापालट सांगितला म्हणून ते आले होते आणि हवेवर खूश होते. आता मात्र त्यांची पाण्याची बादली आधी पाऊण झाली आणि मग अर्धी. पुढे एकदा त्यांच्या दाराशी नुसता तांब्या ठेवलेला दिसला.

"मास्तर, हे पेयाचं पानी हाये का अंघोळीचं?"

"दोन्हीचं," भगवंतराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

"म्हंजे अंघोळ करू अन् मंग पेऊ?"

यावर काय उत्तर द्यावं हे भगवंतरावांना संध्याकाळपर्यंत सुचलं नाही. सुचलं तेव्हा महादेवराव फिरायला गेले होते.

इकडे मनकर्णाबाईंनी केस धुवायला एक घागर मागितली. गोड्या पाण्याने केस कसे मऊ होतात ते पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी घागर मागितली, आणि तिसऱ्या दिवशी न मागताच उचलून नेली. स्वयंपाकघरात आल्यावर पार्बताबाईंनी नवऱ्याला विचारलं, "सुपारीएवढा तर अंबाडा हाये. इतके केस कोठून आले धुवाले?"

"मंग तू सांग ना त्याईले."

"मी? मी पोरीची माय हावो! तुमी सांगा."

"मी तिचा बाप हावो."

शेवटी भगवंतरावांनी पाटी लिहिली. 'पाणी जपून वापरावे ही नम्र विनंती.' सुवाच्य अक्षरात लिहून ती त्यांनी न्हाणीघराच्या दाराला लावली आणि ते व्हरांड्यात जाऊन बसले. खुशालराव अंघोळीला गेले, पाटीपुढे थांबले, ओठ हलवत त्यांनी ती वाचली आणि ते सरळ भगवंतरावांकडे आले.

"चांगलं केलं, इवाई. बरोबर लिवलं. तो दलाल लय पानी नासून राहिला असन, नाई? या शहरातल्या लोकाईले पान्याची किंमत नाई."

"तसं काही नाई—"

"तुमी लाजू नोका. मी सांगू का त्याले?"

"नोका, नोका!" भगवंतराव म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी पाटी काढली. ती पाहून महादेवरावांनी उरलेला तांब्याही परत केला तर काय घ्या!

पाणी वाचवायला आता एकच जागा उरली होती. नवराबायकोंनी आपली अंघोळ बंद केली. भगवंतराव पहाटे ओल्या पंच्याने अंग पुसत आणि कपाळाला गंध जरा जास्त लावत. पार्बताबाई कापूर जाळीत. एकीकडे हिना, दुसरीकडे कापूर. महादेवराव नाकाला रुमाल लावून म्हणत, "हे हॉटेल हाये का देऊळ?"

एवढं करूनही काठी कोरडीच होत गेली. त्यातच जज्जसाहेबांचं दुसरं कार्ड आलं. शुक्रवारच्या टपालाने उत्तर न निघाल्यास आम्ही दुसरीकडे व्यवस्था करू, असं त्यात होतं. भगवंतराव कागद घेऊन बसले. पहिल्या मसुद्यात त्यांनी चिखलदऱ्याच्या पावसाचं मान सांगितलं. दुसऱ्यात टबाचं वर्णन केलं. तिसरा चार पानी झाला आणि त्यात पाण्याखेरीज सगळं आलं. जज्जसाहेब आले तर सबंध हंगाम तरला असता, आणि न आले तर महादेवरावांच्या एका खोलीवर पावसाळा गाठणं अशक्य होतं. हॉटेलच्या दाराला कुलूप घालून अंजनगावला परत जायचं, आणि चावडीवरच्या मंडळींनी पुन्हा तोंड भरून चौकशी करायची!

शुक्रवारी सहदेवने एकच पखाल आणली.

"दुसरी कोठी हाये?" भगवंतरावांनी विचारलं.

"तलावात."

"मंग आण ना!"

"पहारेवाला म्हन्ते, तुमच्या बंगल्यात बदकं पाळले का? पानी कोण पेते इतकं?" सहदेवने हेल्याच्या पाठीवर थाप मारली. "खरं सांगू का मास्तर? हा हेला घरी चाऱ्याले गेला तर त्याले अंघोळ भेटते. तुमाले नाई भेटत, दिसून राहिलं."

भगवंतराव खाली मान घालून हौदाकडे गेले. काठी तळाला टेकली. वर काढली तेव्हा तिचं टोक तेवढं ओलं होतं. आणि आत, न्हाणीघरात, काठोकाठ भरलेलं घंगाळ नुकतंच गेलं होतं.

भगवंतराव आयुष्यात कुणाला तोडून बोलले नव्हते. पण मोटार जेवणाच्या वेळेला निघे आणि तिच्याबरोबर टपाल जाई. ते न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी मनात तीनदा म्हणून पाहिलं. आतून "हर हर गंगे" ऐकू येत होतं. पण गंगेचा आवाज येत नव्हता. पाणी अंगावर पडल्याचा, तांब्या घंगाळाला लागल्याचा, कसलाच नाही. फक्त मध्येमध्ये डुबुक, डुबुक असं काही वाजत होतं.

"इवाई," ते दारावर टकटक करत म्हणाले. जुन्या दाराची कडी तेवढ्यानेच निसटली आणि दार उघडलं.

खुशालराव पाटावर बसले होते. अंगात सदरा, डोक्याला फेटा, पायात जोडे. समोर घंगाळ आणि मांडीशी तुपाचा डबा. डब्याच्या तोंडावर दुहेरी फडकं होतं आणि त्यातून ते तांब्याने पाणी गाळत होते. एक थेंब फरशीवर पडला, तो त्यांनी बोटाने टिपून डब्यात टाकला.

खुशालरावांनी तांब्या हळूच घंगाळात ठेवला.

"तुमी अंघोळ..." भगवंतराव म्हणाले.

"नाई केली." खुशालरावांनी मान खाली घातली. "आलो तवापासून नाई केली."

"मंग हे पानी?"

"माह्या वाट्याचं हाये. तुमीच दिलं. म्या आंगावर घेतलं नाई म्हून उरलं. आता तुमी मास्तर हा, तुमीच सांगा, ही चोरी झाली का?"

भगवंतरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांना त्यात चूक सापडेना.

"अन् इहिनबाईचे केस?"

"ते पन डब्यातच हायेत."

तोवर आवाजाने पार्बताबाई आल्या, मनकर्णाबाई आल्या, आणि हातात रिकामी बादली घेऊन महादेवरावही आले. पार्बताबाईंनी व्याह्यांच्या खोलीचं दार ढकललं. पलंगाखाली, कोपऱ्यात, गोधडीखाली डबेच डबे होते आणि सगळे झाकणापर्यंत भरलेले.

"आता सांगून टाका," मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि मग स्वतःच सांगू लागल्या. "जमुनेले दिवस गेले, इहिनबाई. डोहाळे लागले तिले. आमाले वाटलं, चिंच मांगन, बोरं मांगन. नाई. तिले चिखलदऱ्याचं पानी पायजे. दिवाळीले इथी आली होती, तवाचं तोंडात बसलं. आमच्या विहिरीचं तोंडाले लावलं का उलटी. सुईन म्हने, घाट चढून नेजा नोका. मंग काय कराव?"

"आवो, मंग मांगून घ्याव ना!" पार्बताबाई म्हणाल्या.

"मांगाव?" खुशालराव आता उभे राहिले. "पाटलानं? सुनेच्या माहेरी येऊन घोटभर पानी मांगाव? बाळापुरापर्यंत लोकं हसतीन!"

"अन् माह्या पोरीले दिवस गेले, हे आता सांगून राहिल्या तुमी?"

"पाचवा लागल्याबगर सांगत नाईत आमच्यात."

"आमच्यात तिसऱ्यातच सांगतेत!"

"तुमच्याइथं पानी गोड हाये. सगळंच लवकर शिजते!"

यावर पार्बताबाई भांडायच्या ऐवजी हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. मनकर्णाबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. दोघींच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं गाळून घ्यायचं राहिलं.

महादेवराव मात्र वेगळ्याच विचारात होते. "एक मिनिट," ते म्हणाले. "पाटलानं अंघोळ नाई केली. पाटलीणबाईनं नाई केली. मले तर पानीच भेटलं नाई. मास्तर, तुमी तरी केली का?"

भगवंतरावांनी मान हलवली. "आमी दोघंही नाई. पाव्हन्याले कमी पडू नये म्हून."

"म्हंजे रोज चूल पेटते, घंगाळ तापते, हौद आटते, अन् बंगल्यात सगळे पारोसे!" महादेवरावांनी बादली खाली ठेवली. "डॉक्टरले काय सांगू मी?"

खुशालराव शरमले. त्यांनी एक डबा उचलला आणि हौदाकडे चालू लागले. "तुमचा हौद आटला हे आमाले काय ठाव, इवाई! तुमी रोज काठोकाठ देऊन राहिले. घ्या, ओता परत. एक घागर पोरीपुरती ठेवतो."

हौद पुन्हा हात-दीड हात भरला असता. 'होय' नाही, तरी 'बहुतेक होय' लिहिण्याइतका. भगवंतरावांच्या मनात ते येऊन गेलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

पार्बताबाई दारात आडव्या उभ्या होत्या. "खाली ठेवा तो डबा. लेकीच्या सासरी गेलेलं परत घेतेत का कोणी? आहेर हाये तो." त्या देवघरात गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि त्यांनी डब्याडब्याला कुंकवाचं बोट लावलं. उरलेल्या घंगाळातलं पाणीही गाळून शेवटचा डबा भरला. मग नवऱ्याकडे वळल्या. "आता लिवा त्या जज्जाले."

"काय लिवू?"

"हौद पाहा अन् लिवा. नाई आला तर नाई आला. माह्या कुरडया तरी जागच्या जागी राहतीन."

भगवंतराव टेबलाशी बसले. मसुदा केला नाही. काठी बुडवायची तर सोयच नव्हती. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि कार्डावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'कृ. सा. न. वि. वि. टब आहे. पाणी नाही. कळावे.' महादेवरावांनी खांद्यावरून वाचलं.

"एवढंच, मास्तर?"

"एवढंच," भगवंतराव म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून जरा दचकले.

डबे भरले होते, म्हणून व्याही-विहीण त्याच मोटारीने परत निघाली. मोटारतळावर गर्दी होती. कुंकू लावलेले डबे टपावर चढले, दोरीने करकचून बांधले गेले. एका डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. खुशालराव खिडकीतून अर्धे बाहेर येऊन खाली तांब्या धरून बसले होते आणि एकेक थेंब झेलत होते.

"इवाई, नातू झाला का त्याले आणतो," ते ओरडले. "त्याले मात्र खरी अंघोळ घालजा!"

भगवंतराव टपालाच्या पेटीपाशी कार्ड हातात धरून उभे होते. नत्थुजी टपालवाला थैली घेऊन शेजारी थांबला होता. मोटारीचा भोंगा वाजला. भगवंतरावांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. 'नाही' जरा उद्धट वाटतं का? 'तूर्त नाही' लिहिलं असतं तर?

"द्या इकडं, मास्तर," नत्थुजी म्हणाला. "तुमी पेटीपाशी येता अन् कागद खिशात घालून परत जाता. म्या लय वेळा पाहिलं."

त्याने हात पुढे केला, आणि त्याच क्षणी मोटार हलली, टपावरचा डबा कलला, खुशालरावांचा तांब्या चुकला आणि एक टपोरा थेंब थेट कार्डावर येऊन पडला. नत्थुजीने कार्ड ओढून घेतलं, बाहीला पुसलं, थैलीत टाकलं आणि धावत जाऊन मोटारीच्या पायरीवर चढला.

पुसलं तेव्हा भगवंतरावांना कार्ड स्पष्ट दिसलं होतं. शाई फिसकटून 'नाही' साफ धुऊन निघालं होतं. त्याच्या जागी एक निळसर डाग उरला होता आणि त्याच्याअलीकडे, ठसठशीत मास्तरी अक्षरात : टब आहे. पाणी.

"थांबा!" भगवंतराव ओरडले. पण सवयीप्रमाणे मनातल्या मनात. मोटार घाटाच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि जज्जसाहेबांच्या पत्राला उत्तर गेलं.